डाव्या वळणाची गोगलगाय: कोणती प्रजाती?

आगरवाला_चिपळूण
पोफळीच्या बुंध्यावर ही गोगलगाय सापडली. शंख चपटसर, तपकिरी. टोक वर आणि तोंड माझ्याकडे धरलं की तोंड डावीकडे येतं. आगरातल्या बाकी सगळ्यांचं उजवीकडे. काकू म्हणतात दक्षिणावर्ती आहे, देवात ठेव. मला हे जन्मजात व्यंग वाटतंय. की आफ्रिकन गोगलगाय आहे?

पाऊसवेडी
सेल्फी कॅमेऱ्याने काढलाय का फोटो? तो डावं-उजवं उलटं दाखवतो.

आगरवाला_चिपळूण
नाही हो, मागच्याच कॅमेऱ्याने. हातात घेऊनही बघितलंय.

निवृत्त_प्राणिशास्त्र
मग व्यंग नव्हे, ती तशीच असते. एरिओफँटा प्रजातीची (म्हणजे जीनसची; जात त्याखाली येते) दिसते. सह्याद्रीत, अगदी मुंबईतही, एरिओफँटा लेविपिस पावसाळ्यात भेटते. म्युलरने 1774 मध्ये तिला हेलिक्स प्रजातीत टाकलं. तेव्हा हेलिक्स म्हणजे अडगळीची खोलीच होती. दे मुलँने 1829 मध्ये तिच्यासाठी एरिओफँटा ही वेगळी प्रजाती केली आणि गॉडविन-ऑस्टिनने 1883 मध्ये तिच्यावरून एरिओफँटिडी हे कुल मांडलं. त्याच कुलात उजव्या वळणाच्याही पुष्कळ आहेत, तेव्हा नुसत्या वळणावर जाऊ नका. जिवंत असेल तर शेपटीचं टोक बघा: तिथे चिकट स्रावाचं छिद्र आणि त्यावर शिंगासारखा उंचवटा असतो. श्वासाचं छिद्रही हिला डावीकडे, उजव्या वळणाच्यांना उजवीकडे.

आम्ही कॉलेजात अशा सगळ्यांना 'पल्मोनाटा', म्हणजे फुप्फुसाने हवेत श्वास घेणाऱ्या, असं शिकवायचो. तो गट त्या रूपात आता मानत नाहीत. लांब शिंगांच्या टोकाला डोळे असणाऱ्या या जमिनीवरच्या गोगलगायी स्टायलोमॅटोफोरा गणात येतात. शंखाला झाकण आणि डोळे शिंगांच्या बुडाशी दिसले, तर ती सायक्लोफोरससारखी, निराळ्याच घराण्यातली. हवेत श्वास घेते तीही.

काकूंना सांगा, दक्षिणावर्ती, म्हणजे उजव्या वळणाचा म्हणतात तो शंख, समुद्रातला. शिवाय पूजेत तो निमुळती चोच वर करून धरतात, म्हणून त्यांचं उजवं ते आपलं डावं. बाजारात त्या नावाने अमेरिकेतला भलताच शंख खपवतात, ते वेगळंच.

सोयाबीन_लातूर
आफ्रिकन शंखी गोगलगाय आम्हाला विचारा! 2022 च्या खरिपात सोयाबीनचे कोवळे कोंब फस्त केले. तिचा शंख लांबट, टोकदार आणि उजव्या वळणाचा. तुमची ती नाही.

निवृत्त_प्राणिशास्त्र
बरोबर. लिसाकॅटिना फुलिका, मूळची पूर्व आफ्रिकेतली. बेन्सनने 1847 मध्ये मॉरिशसहून आणून कलकत्त्यात सोडली. पूर्वी अकॅटिना प्रजातीत धरायचे, जुन्या पुस्तिकांत अजून तेच नाव आहे. तुमची मात्र इथलीच. मीठबीठ टाकू नका.

आगरवाला_चिपळूण
शेपटीवर शिंग आहे! फोटो टाकतो. जात कोणती तेही सांगाल का?

निवृत्त_प्राणिशास्त्र
शंखाच्या खालच्या बाजूचाही टाका, मोजपट्टी शेजारी ठेवून. तरी खात्री देत नाही. या कुलात विच्छेदन केल्याशिवाय बऱ्याचदा भागत नाही, पण नुसत्या नावासाठी हिला मारायची गरज नाही.