हायब्रीड द्राक्षांच्या व्हाइट वाइनला नाकं मुरडणं आता पुरे

तापीकाठचा (जळगाव)

वाद व्हावा म्हणूनच लिहितोय. लेक मिनियापोलिसला असते, तिच्याकडे राहून आलो. तिथे हिवाळ्यात पारा उणे 30 च्या आसपास जातो. शार्दोने, सोव्हिन्यों ब्लाँ या युरोपीय वेली त्या थंडीत उघड्यावर टिकत नाहीत. टिकवायच्याच तर हिवाळ्याआधी तारांवरून उतरवून मातीत पुरायच्या. म्हणून विस्कॉन्सिनच्या एल्मर स्वेन्सन नावाच्या शेतकऱ्याने आणि मिनेसोटा विद्यापीठाने नदीकाठच्या रानवेलीशी, व्हायटिस रिपारियाशी, युरोपीय जातींचा संकर करत नव्या जाती काढल्या. व्हाइट वाइनसाठी ला क्रेसेंट (2002), फ्रोंटेनॅक ग्री (2003), इटास्का (2017).

ला क्रेसेंटचा ग्लास नाकाशी नेला की आधी जर्दाळू येतो, मागून लिंबाची साल. घोट घेतला की गालाच्या आतून पाणी सुटतं, एवढी आंबट. त्यात थोडी साखर मुद्दाम राखलेली. लेकीने शेवभाजी केली होती, काळा मसाला इथून नेलेला, वर बोटभर तर्री. त्या तर्रीपुढे ही वाइन टिकली. नाशिकची चांगली म्हणतात ती सोव्हिन्यों घेऊन घरी हेच करून पाहिलंय, पहिल्या घासानंतर ती कुठे गेली कळत नाही.

तरी आपले वाइनवाले मित्र 'हायब्रीड' ऐकलं की ग्लास हातातही धरत नाहीत. द्राक्षाचं खानदान बघून चव ठरवायची ही कुठली रीत?

चाखणारा (नाशिक, मूळ अमळनेर)

काका, साखर मुद्दाम राखलेली म्हणालात ना, तिथेच सगळं आलं. त्या द्राक्षांत तोडणीच्या वेळी आम्ल लिटरमागे 10 ग्रॅमच्या वर सहज असतं. कोरडी, म्हणजे साखर न राखता, केली तर दात आंबतील, म्हणून गोडी ठेवतात. हा दोष झाकणं झालं, त्याला गुण काय म्हणायचं?

आणि दुसरं काही जगत नाही म्हणून लावलेलं पीक आणि चवीसाठी शेकडो वर्षं निवडत आणलेलं पीक यांत फरक असतोच. आपल्याकडेच बघा. संकरित ज्वारी 1964 मध्ये आली, उतारा भरघोस, कणसं ठोसर. पण खान्देशात पाहुण्याच्या ताटात भाकर कशाची वाढतात? दादरचीच, म्हणजे रब्बीच्या गावरान ज्वारीची. हायब्रीडची भाकर पोट भरायला असते, तिचं कौतुक करायला कोणी बसत नाही.

तापीकाठचा

दादरच्या भाकरीबद्दल मी भांडणार नाही, घरी तीच लागते. पण सगळे संकर एका मापाने मोजू नका. कपाशीचा एच-4 वाण 1970 मध्ये शेजारी सुरतेत निघाला, त्यानंतर खान्देशात कपाशी म्हणजे संकरितच, आणि त्या धाग्याचा सदरा तुम्हीही घालता.

आंबटपणाचं म्हणाल तर तो वाढवावा कुठे लागतो? आपल्याकडे. उन्हाच्या देशात द्राक्षं पिकता पिकता मॅलिक आम्ल जळून जातं, मग टाकीत टार्टारिक आम्ल घालून आंबटपणा आणतात. चालतं ते, कायदेशीर आहे. पण जिथे आम्ल वेलीवरच तयार होतं, तिथे थोडी साखर राहिली की बोंब? जर्मनीची रिझलिंग ही व्हाइट वाइनही बऱ्याचदा अशीच गोड-आंबट असते, तिचं मात्र सगळे कौतुक करतात, कारण ती खानदानी.

सातपुड्याचा वारा (शहादा)

तुम्हनं समदं खरं शे भाऊ, पन शेवभाजीवर वाइन? ताक संपनं का गावमानं?

खुंटरोप (साक्री)

दोघंही बाटलीवरून भांडताय, मुळाकडे कोणी बघेना. नाशिकची जी खानदानी बाग आहे ना, तिची मुळं कशाची आहेत? बहुतेक ठिकाणी डोगरिज, म्हणजे अमेरिकन रानवेल. क्षारपड जमीन आणि पाण्याची ओढ ती सोसते, म्हणून खुंट तिचा आणि वर कलमाचा डोळा युरोपीय जातीचा. फ्रान्सची गत वेगळी नाही. 1860 च्या दशकात फायलोक्सेरा किडीने मुळं खाल्ली, तेव्हापासून त्यांच्या थोर वेली अमेरिकन पायावर उभ्या आहेत. जमिनीखाली अमेरिकन रक्त चालतं, वर आलं की विटाळ.

पण काका, ला क्रेसेंट इकडे आणायचा विचार असेल तर विसरा. तिचा मोठा गुण थंडीतली झोप. डोळे गाढ झोपतात म्हणून उणे 35 च्या आसपासही वाचतात. आपली वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून वरून पेस्टिंग, म्हणजे डोळ्यांना औषध चोपडणं. थंडीवर पोसलेल्या जातीला ती झोप मिळालीच नाही तर ती आपल्याकडे कशी फुटणार? वर मे महिन्यात 45 अंश. धुळ्यात पारा 5-6 वर आला की आपण शेकोट्या पेटवतो, त्या थंडीला तिच्या गावी थंडी म्हणत नाहीत.

घ्यायचं असेल तर तिची रीत घ्या: जात जागेसाठी निवडायची. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ए.आर.आय. 516 काढली, अमेरिकन कटॉबा आणि ब्यूटी सीडलेस यांचा संकर. बुरशीला दाद देत नाही, हे आमच्यासाठी फार मोठं. फळछाटणीनंतर बाग पोंग्यात, म्हणजे कोवळी फूट निघत असताना, पाऊस लागला तर काय होतं, हे बाटली उघडणाऱ्याला माहीत नसतं. पानामागे डावणी बुरशीची पांढरी लव दिसायच्या आत फवारणी झाली पाहिजे. रात्री अकराला चिखलात ट्रॅक्टर घालायचा, सकाळी परत पाऊस, औषध धुऊन गेलं, परत ब्लोअर. घडात शिरली की वर्ष गेलं.

चाखणारा

दादा, शेतीत तुमच्यापुढे बोलायची माझी लायकी नाही. पण ए.आर.आय. 516 रसाला, जॅमला, रेड वाइनला. विषय व्हाइटचा आहे. आणि कटॉबाच्या घराण्याला लॅब्रुस्का या अमेरिकन रानद्राक्षाचा तो वास असतो. बेंगळूर ब्ल्यू खाल्लंय ना? सालीजवळचा तो भडक, सेंटसारखा वास. द्राक्षज्यूसच्या बाटलीत ठीक, वाइनमध्ये नको.

तापीकाठचा

तो वास मिथिल अँथ्रॅनिलेट या रसायनाचा, आणि तो लॅब्रुस्काचा गुण. मी बोलतोय त्या जातींचं थंडी सोसणारं रक्त मुख्यतः रिपारियाचं. ला क्रेसेंटमध्ये तर मस्कत या सुगंधी द्राक्षाचाही अंश आहे, म्हणून ती जर्दाळूकडे जाते. एकाच्या वासाची शिक्षा दुसऱ्याला का?

रेडबद्दल मात्र बोला काय बोलायचं ते. संकरित द्राक्षांतली प्रथिनं टॅनिनला, म्हणजे तुरटपणा देणाऱ्या द्रव्याला, धरून बसतात, वाइनमध्ये टॅनिन उतरतच नाही, म्हणून रेड बऱ्याचदा पोकळ लागते. व्हाइटला टॅनिन लागतं कुठे? तिथे आम्ल आणि सुगंध हेच भांडवल, आणि ते या जातींकडे भरपूर. म्हणून मी शीर्षकात व्हाइट लिहिलंय, उगाच नाही.

फ्रान्सने 1930 च्या दशकात काही संकरित जातींवर बंदी घातली, नाक मुरडायची सवय तिथून पक्की झाली. आता युरोपीय संघानेच 2021 मध्ये नियम बदलून ठरावीक प्रदेशाचं संरक्षित नाव लावणाऱ्या वाइनसाठी संकरित जातींना दार उघडलं. शँपेनमध्ये व्होल्टिस नावाची रोगप्रतिकारक जात चाचणीसाठी लावलीय.

चाखणारा

दार उघडलं ते फवारण्या कमी व्हाव्यात आणि हवामान बदलतंय म्हणून. चवीसाठी नाही. तुम्ही दोन्ही एकत्र कालवताय.

अहिराणी माय (धुळे)

तुमचं आम्ल, साखर चालू द्या. मला एवढंच विचारायचंय, हे कौतुक खान्देशात कशाला? 2022 च्या जानेवारीत सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचा निर्णय घेतला तेव्हाही 'शेतकऱ्याच्या फायद्यासाठी' हेच ऐकवलं होतं. लोकांनी विरोध केला, ते बारगळलं. बरंच झालं. बाटलीवर जर्दाळूचं चित्र लावलं म्हणून घरातली भांडणं कमी होत नाहीत. मी बचतगटात काम करते, दर आठवड्याला बघते. केळीचे वेफर्स करा, द्राक्षाचे बेदाणे करा, त्यावर धागा काढा, मी पहिली येईन.

तापीकाठचा

ताई, तुमच्या अनुभवापुढे वाद नाही, आणि दुकानं वाढवा असं मी कुठे म्हटलेलं नाही. पण पिणारा काय पितो याची चर्चाच नको म्हटलं तर मग देशीच्या दुकानाबाहेरची रांग तेवढी उरते. तिच्यावर धागा कोणी काढत नाही.

अहिराणी माय

त्या रांगेवर आम्ही मोर्चे काढतो. धागे तुम्ही काढा.

चाखणारा

काका, तुमचा शेवभाजीचा दाखलाच मुळात लबाडीचा आहे. तर्रीने जीभ पेटल्यावर गार, आंबट आणि किंचित गोड असं काहीही द्या, अमृत लागेल. कोकम सरबत द्या! त्यातून वाइन चांगली ठरत नाही. नुसती प्या, ग्लासात थोडी गरम होऊ द्या, मग सांगा.

तापीकाठचा

नुसती प्यायची परीक्षा ठरवली कोणी? मी जेवताना पितो. माझ्या ताटात जे असतं त्याच्याशी जी जमेल ती माझ्यासाठी चांगली. भरताच्या वांग्याबरोबर, हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर तुमची कोरडी सोव्हिन्यों एकदा लावून बघा आणि खरं सांगा. लेबल झाकून बसू, पाहिजे तर.

खुंटरोप

बसा बसा, मलाही बोलवा. पण एक सांगतो. 2008-09 च्या मंदीनंतर नाशिककडे वाइनच्या द्राक्षांना उठाव राहिला नाही, लोकांनी उभ्या बागा तोडल्या. माझ्या मेव्हण्याची त्यात एक होती. कारखान्याने माल उचलला, पैशासाठी मात्र चकरा मारायला लावल्या. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, आंबटसर, बाजारात खायला कोणी घेत नाही. म्हणजे एकच गिऱ्हाईक, आणि त्याने हात वर केले की माल बांधावर. थॉम्पसनचे, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षाचे, निदान बेदाणे तरी होतात. उद्या कोणी खान्देशच्या उन्हाला सोसणारी, डावणीला न भिणारी पांढरी संकरित जात काढली तर मी दोन ओळी लावीन, फुकटात. एकराने लावायची असेल तर आधी दर लिहून द्या, स्टॅम्पपेपरवर.

सातपुड्याचा वारा

स्टॅम्पपेपर ना खर्च कोन करी, ते बी लिखी ल्या.