रात्री नेट रडतं आणि डेटा पण उडतोय, कोण खातंय कसं बघायचं?

मुलुंडचा_बाब्या:
मंडळी, २०० एमबीपीएसचा फायबर आहे, दिवसभर मस्त चालतं पण रात्री नऊनंतर मॅच लावली की नुसतं गोल गोल फिरत बसतं. कस्टमर केअरवाले म्हणतात तुमच्या वायफायवर लोड आहे, झालं, कटवलं. वर महिना अर्धा नाही झाला तर १००० जीबीतले ८० टक्के संपल्याचा मेसेज. स्पीड आणि वापर दोन्हीवर लक्ष कसं ठेवता? फुकटातलं सांगा.

केबलवाली_ताई:
आधी वायफाय बाजूला ठेव. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला लाव आणि सकाळी एकदा, रात्री एकदा स्पीडटेस्ट मार. केबलवर पूर्ण येतंय आणि वायफायवर ४०, तर लफडं घरातच, वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर अख्खी बिल्डिंग बसलेली असते, तू ५ गिगाहर्ट्झवाल्यावर जा. केबलवर पण रात्रीच पडत असेल तर वेळेसकट स्क्रीनशॉट काढून त्यांच्या तोंडावर मार. फक्त केबल लावतोस तो पोर्ट बघून घे हां, १०० एमबीपीएसवाला असेल तर ९५ च्या वर जाणारच नाही, मग उगाच शिव्या.

पायथॉन_परळकर:
रास्पबेरी पायवर (हातभर पण नाही असा छोटा कॉम्प्युटर) स्क्रिप्ट टाक ना, दर दहा मिनिटांनी टेस्ट, महिन्याचा ग्राफ तयार.

दादर_टीटी:
@परळकर अरे बाबा २०० च्या लाईनवर दहा सेकंदांची टेस्ट म्हणजे २५० एमबी, दिवसाला १४४ वेळा म्हणजे ३६ जीबी, लिमिट तिथेच संपेल 😂 टेस्ट दिवसातून दोन-तीनदा बास, बाकी वेळ नुसतं पिंग (छोटा सिग्नल पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघणं) चालू ठेव, अडकतं कधी ते त्यात दिसतं.
@बाब्या वापराचं म्हणशील तर ग्लासवायर वगैरे नेटचा वापर मोजणारी सॉफ्टवेअर्स फक्त त्याच पीसीचा हिशोब देतात, टीव्ही-मोबाईलचं त्यांना काय कळणार. सगळं राउटरमधूनच जातं, तिथे डिव्हाइसवार यादी असेल तर बघ, नसेल तर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं फुकटचं सॉफ्टवेअर) चालणारा राउटर घे. घरात कॅमेरे आहेत का? चोवीस तास क्लाऊडवर २ एमबीपीएसने चढवणारा एक कॅमेरा दिवसाला २१ जीबीच्या वर खातो, आणि अपलोड पण लिमिटमधे धरतात बऱ्याच ठिकाणी.

मुलुंडचा_बाब्या:
दोन आहेत, दोन्ही चोवीस तास 🙏 मेमरी कार्ड टाकून क्लाऊड बंद केलं तर चालेल?

दादर_टीटी:
चालेल, पण कॅमेराच चोरीला गेला तर रेकॉर्डिंग पण गेलं. दारावरच्याचं क्लाऊड राहू दे, फक्त हालचाल झाली तरच चढव असं सेटिंग कर.