जुन्या शिडाच्या बोटीतलं वायरिंग: कुठली वायर कुठे जाते ते शोधायचं कसं?

जुनीबोट

नमस्कार मंडळी, ३० फुटी फायबरची शिडाची बोट घेतलीये, १९८० च्या आसपासची. हल (बोटीचं धड) चांगला आहे, शिडं ठीक आहेत, डिझेल इंजिन लगेच चालू होतं, पण स्विच पॅनलचे स्क्रू काढून मागे बघितलं तर वायरींचं जंगल. आधीच्या मालकांनी प्रत्येकाने आपापली भर घातलेली दिसते, काही वायरी लाल-काळ्या, काही तपकिरी-निळ्या, चार-पाच पिवळ्या, एक हिरवी थेट खाली बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी, जिथे पाणी साचतं) गेलीये, आणि काहींची टोकं तशीच कापून लोंबत सोडलीयेत. पॅनलवर "अँकर लाईट" (नांगर टाकल्यावर डोलकाठीवर लावायचा दिवा) लिहिलेला स्विच दाबला की केबिनचा एक दिवा लागतो, अँकर लाईट लागतच नाही. आणि सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे मेन बॅटरी स्विच बंद ठेवूनही १०० अँपिअर-अवरची बॅटरी चार-पाच दिवसांत उतरते.

डायग्रॅम नाही. मल्टीमीटर आहे आणि वापरता येतो. प्रश्न असे की सुरुवात कुठून करू, तो टोन देणारा वायर ट्रेसर (वायरीत सिग्नल सोडून आवाजावरून ती शोधायचं यंत्र) घ्यावा का, रंगांवर किती भरवसा ठेवायचा, आणि लोंबणाऱ्या मेलेल्या वायरी सरळ कापून काढू का? बोट पाण्यातच आहे.

बाराव्होल्ट

आधी एकच सांगतो, काळी वायर म्हणजे मायनस असं अजिबात धरू नका. जुन्या बोटींत १२ व्होल्टचा मायनस काळा असतो हे खरं, पण अमेरिकन पद्धतीच्या एसी वायरिंगमध्ये काळी वायर म्हणजे फेज. याच गोंधळामुळे तिथल्या एबीवायसी या बोटींची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांत डीसी मायनसला पिवळा रंग सुचवला गेला. तुमच्या पिवळ्या वायरी त्यातल्या असू शकतात. युरोपियन पद्धतीत तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल, आणि गडद निळा रंग अमेरिकन डीसी पद्धतीत केबिन लाईटचा असतो. म्हणजे एकाच निळ्या वायरीचे दोन अर्थ, त्यातला एक जीव घेऊ शकतो.

म्हणून धक्क्यावरचा शोअर पॉवरचा (किनाऱ्यावरून बोटीला येणाऱ्या विजेचा) प्लग हाताने उपसून बाहेर ठेवा, नुसता ब्रेकर पाडून काम नाही, आणि इन्व्हर्टर असेल तर तोही बंद. मगच पॅनलमागे हात घाला. पहिल्या दिवशी फक्त एसीच्या वायरी ओळखा, त्यांना लाल टेप गुंडाळा आणि त्या जुडग्यापासून बाजूला बांधा.

सगळंनवीन

माझं स्पष्ट मत, एवढं जुनं असेल तर शोधाशोध करण्यात वेळ घालवू नका, सगळं काढा आणि नवीन टिन केलेली (कथिलाचा मुलामा दिलेली) मरीन वायर ओढा. साध्या तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडते, सोलून बघा, एक इंच मागे गेलात तरी काळीच निघेल, त्यावर क्रिंप (दाबून बसवलेला जोड) टिकत नाही. कोणी घरातली एकाच जाड तारेची वायर वापरली असेल तर ती इंजिनच्या थरथरीने कधी ना कधी तुटणारच. अशा वायरिंगचा नकाशा काढून काय मिळणार?

डोलकाठी

सगळंनवीन, नवीन ओढायची वेळ येऊ शकते हे मान्य, पण कुठली वायर काय करते हे कळायच्या आत काढायला लागलात तर नवीन कुठे आणि कुठल्या वाटेने न्यायची तेही कळणार नाही. शिवाय बोट पाण्यात आहे, बिल्ज पंपाची वायर कुठली हे माहीत नसताना एकही वायर कापणं म्हणजे बोट बुडवायची तयारी. त्यामुळे आधी शोध, मग कात्री.

जुनीबोट, माझी पद्धत सांगतो, जरा लांब होईल.

पॅनलपासून सुरुवात करू नका, बॅटरीपासून करा. बॅटरीच्या प्लसवर मेन स्विचची जाड केबल सोडून आणखी काय काय बसवलंय ते बघा. बारीक वायरी सापडतील, फ्लोट स्विचवरचा (पाणी चढलं की आपोआप चालू होणारा) बिल्ज पंप, गॅस डिटेक्टर, सोलर कंट्रोलर, स्टिरिओची मेमरी, या सगळ्या मेन स्विचला वळसा घालून थेट जातात, आणि काही तशा जायलाच हव्यात. स्विच बंद असूनही तुमची बॅटरी उतरते म्हणजे चोर याच वायरींत आहे, पॅनलमागच्या जंगलात नाही. हिशोब करून बघा, १०० अँपिअर-अवर चार दिवसांत गेले म्हणजे साधारण १ अँपिअर सतत जातोय. स्टिरिओची मेमरी काही मिलीअँपिअर खाते, तिचं हे काम नव्हे. बॅटरीच म्हातारी असेल तर आकडा कमी निघेल, तेही तपासा.

मोजायचं असं, मायनसची केबल काढायची आणि पोल व केबल यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावायचा. बॅटऱ्या दोन असतील तर दोन्हींचं वेगवेगळं. सोलर असेल तर आधी पॅनलची वायर कंट्रोलरमधून काढा, बॅटरी नंतर. मीटर लावलेला असताना चुकूनही इंजिन स्टार्ट करू नका, मीटरचा फ्यूज जाईल. आणि झाल्यावर लाल प्रोब परत व्होल्टच्या खाचेत घाला, अँपिअरच्या खाचेत राहिला आणि पुढच्या वेळी बॅटरीच्या दोन पोलांना लावला तर तो सरळ शॉर्ट आहे. मग त्या बारीक वायरी एकेक करून सोडवायच्या, जिला सोडवल्यावर आकडा पडला ती वायर धरायची. पंपाची वायर सोडवाल तेव्हा बिल्ज डोळ्यांसमोर ठेवा आणि लगेच परत जोडा.

आता पॅनल. एकेक स्विच चालू करून बोटभर फिरायचं आणि काय लागलं ते लिहायचं, हे झालं जिवंत वायरींचं. उरलेल्यांसाठी सगळी वीज बंद करून कंटिन्युइटी, म्हणजे वायर सलग आहे का ते मीटरच्या बीपवरून बघणं. १५ मीटरची एक सुटी वायर घ्या, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप, एक टोक दिव्याच्या जागी वायरीला लावा, दुसरं पॅनलपाशी मीटरला, आणि दुसऱ्या प्रोबने एकेक वायरीला हात लावत चला, बीप आली की सापडली. पण त्याआधी दिव्यातला बल्ब काढायला विसरू नका, कारण थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स एक-दोन ओहमच असतो आणि मीटर त्यातूनही बीप देतो. तसंच ज्या वायरीची परीक्षा चालू आहे तिचं पॅनलकडचं टोक सुटं असू द्या, नाहीतर बसबारवरून (सगळ्या वायरी जोडायच्या धातूच्या पट्टीवरून) फिरून सगळ्याच वायरी एक वाटतील.

टोन ट्रेसर घ्या, उपयोगी आहे, पण फक्त वीज बंद असलेल्या वायरीवर. घट्ट जुडग्यात टोन शेजारच्या वायरींतही उतरतो, तेव्हा जुडगा जरा मोकळा करायचा आणि आवाज सगळ्यात मोठा कुठे येतो ते बघायचं. शेवटचा निकाल मात्र मीटरनेच लावायचा.

रंग म्हणजे इशारा, पुरावा नव्हे. करड्या रंगाची नेव्हिगेशन लाईटची असायची शक्यता, तपकिरी पंपाची, जांभळी इग्निशनची, फिकट निळी ऑइल प्रेशरची, पण मधे कोणी तुकडा जोडला असेल तर लॉकरच्या आत शिरताना लाल असलेली वायर बाहेर पिवळी होऊन येते. म्हणून दोन्ही टोकं मीटरने एक असल्याची खात्री झाली की दोन्हीकडे तोच नंबर चिकटवा. वहीत नंबर, इकडचं टोक, तिकडचं टोक, जाडी, कुठल्या फ्यूजवर, एवढं लिहा. मास्किंग टेप तात्पुरता, ओलाव्याने आठवड्यात गळतो, नंतर छापील लेबल आणि वर पारदर्शक हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी).

लोंबणारी टोकं आत्ता कापू नका. आधी मायनसशी व्होल्ट मोजा, प्रत्येक टोक इन्सुलेट करा. दुसरं टोक सापडलं आणि ते कुठेच जोडलेलं नाही अशी खात्री झाली की काढा, आणि ओढताना मागे दोरी बांधून ओढा, नवीन वायरीला तीच वाट मिळते.

बाराव्होल्ट

डोलकाठीने सगळं सांगितलंच आहे, त्या हिरव्या वायरीबद्दल तेवढं. बिल्जमध्ये जाणारी हिरवी बहुतेक बाँडिंगची असणार, सीकॉक (बुडातल्या भोकांवरचे व्हॉल्व्ह), शाफ्ट, कीलचे बोल्ट अशा धातूच्या भागांना एकत्र जोडणारी. तिच्यातून नेहमीचा करंट वाहायचा नसतो, त्यामुळे "काहीच चालत नाही हिच्यावर" म्हणून कापू नका. आणि उलट, कोणी तिलाच एखाद्या दिव्याचा मायनस बनवलं असेल तर ते मात्र काढा.

अँकर लाईटबद्दल विचाराल तर बोटीच्या डोलकाठीच्या बुडाशी बघा. वायरी तिथे जोडलेल्या असतात आणि जॉइंट तिथेच सडतात. वर चढायच्या आधी बुडाशी १२ व्होल्ट येतात का बघा, पण नुसत्या मीटरने नाही. सडलेल्या वायरीचा एक धागा उरला असेल तरी मीटर १२.६ दाखवतो कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. गाडीचा २१ वॅटचा बल्ब लावून बघा, वायर खराब असेल तर व्होल्ट लगेच कोसळतील. आणखी एक, काही डोलकाठ्यांवर अँकर लाईट आणि ट्रायकलर (लाल-हिरवा-पांढरा नेव्हिगेशन दिवा) वायरींच्या एकाच जोडीवर असतात, प्लस-मायनस उलटं केलं की दुसरा लागतो. दोनच वायरी वर जाताना दिसल्या तर एकदा उलट जोडून बघा.

सगळंनवीन

ठीक आहे, आधी शोध, मान्य. पण डोलकाठीतली वायर तरी नवीन घालाच, आणि जाडी मोजून घ्या. वरपर्यंत १५ मीटर म्हणजे जाऊन-येऊन ३० मीटर. २५ वॅटचा जुना बल्ब साधारण २ अँपिअर घेतो, १.५ चौरस मिमी वायरीत ०.७ व्होल्ट गेले, म्हणजे सहा टक्के, नेव्हिगेशन लाईटला तीन टक्क्यांच्या आत हवेत. २.५ मध्येही काठावर चुकतं. तेच एलईडी लावला तर पाव अँपिअर, मग १.५ सुद्धा पुरते.

जुनीबोट

सगळ्यांचे मनापासून आभार, शनिवार-रविवार त्यातच गेला आणि बराच उलगडा झाला.

अँकर लाईटच्या स्विचवरून निघालेली वायर मधेच कोणीतरी केबिनच्या दिव्याला वळवली होती, आणि डोलकाठीकडची मूळ वायर म्हणजे त्या लोंबणाऱ्या टोकांपैकीच एक. बरं झालं कापली नाही. बुडाशी बल्ब लावला तर जेमतेम लाल झाला, म्हणजे मधला जॉइंट गेलाय.

बॅटरीचं असं, मीटरवर ०.६ अँपिअर आला. बिल्ज पंपाची वायर सोडवली की आकडा जवळजवळ शून्य. पण पंप चालत नव्हता! वायर धरून खाली गेलो तर फ्लोट स्विचच्या आधीचा जॉइंट बिल्जच्या पाण्यात बुडालेला, नुसती टेप गुंडाळलेली, आत हिरवी पूड. बॅटरीपाशी फ्यूजही नाही. हे किती गंभीर समजायचं?

डोलकाठी

गंभीर आहे, आणि बॅटरी उतरणं हा त्यातला लहान भाग. प्लसची उघडी तार खाऱ्या पाण्यात म्हणजे करंट बिल्जच्या पाण्यातून जवळच्या धातूच्या फिटिंगमध्ये, तिथून बाहेर समुद्रात आणि वाट मिळेल तसा परत बॅटरीच्या मायनसकडे जातो, आणि ज्या धातूतून तो पाण्यात बाहेर पडतो तो धातू खाल्ला जातो. नेहमीच्या गंजापेक्षा हे कितीतरी वेगाने होतं.

आज करायचं ते हे. तो जॉइंट कापा, दोन्हीकडे चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे जा. नवीन जॉइंट बिल्जच्या सगळ्यात वरच्या पाण्याच्या रेषेच्याही वर आणा, आतून गोंद असलेल्या हीट श्रिंकच्या क्रिंपने करा, नुसत्या सोल्डरवर ठेवू नका. प्लसला बॅटरीपासून १८ सेंटिमीटरच्या आत फ्यूज बसवा, किती अँपिअरचा ते पंपावरच लिहिलेलं असतं, त्याहून मोठा नको, पंप जाम झाला तर वायर पेटायच्या आत फ्यूज जायला हवा. मग फ्लोट हाताने उचलून पंप चालतो का बघा, आणि परत मायनसला मीटर लावून आकडा बघा.

शाफ्टवरचा झिंक अॅनोड (बाकी धातूंऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) आणि त्या जॉइंटच्या जवळचे सीकॉक, ही दोन ठिकाणं बोट वर काढून बघा, पुढच्या सीझनपर्यंत थांबू नका. पाण्यात असताना सीकॉकवर जोर लावू नका. वर आल्यावर फिटिंग जरासं खरवडा, आतला धातू पिवळा सोनेरी दिसला तर ठीक, गुलाबीसर दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलंय, ते फिटिंग बदलल्याशिवाय बोट पाण्यात सोडू नका.

जुनीबोट

जॉइंट केला, फ्यूज बसवला, पंप चालतोय, मीटरवर आता ४ मिलीअँपिअर, तो स्टिरिओ. बोट वर काढायची तारीख घेतलीये, सीकॉकचे फोटो इथेच टाकतो.