प्रबोधनकाळातला चित्रकार: किंमत रंगाची की हाताची?

धागाकर्ती:
फ्लॉरेन्सच्या गिर्लांदायोने 1485 मध्ये तिथल्या अनाथाश्रमासाठी चित्र करायचा करार केला. निळा रंग अल्ट्रामरीनच हवा, तोही औंसाला साधारण चार फ्लोरिनवाला (फ्लोरिन म्हणजे तिथलं सोन्याचं नाणं), असं त्यात स्पष्ट लिहिलंय. हा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाची पूड करून बनायचा. माझं ठाम मत आहे की त्या काळी मोल मालाचं होतं. प्रतिभा वगैरे आपण नंतर चिकटवली.

प्रतिसाद १:
साफ असहमत. करारात गिऱ्हाइकाची मागणी दिसते, चित्रकाराचं मन नाही. चित्रकलेवर ग्रंथ लिहिणाऱ्या आल्बेर्तीने 1435 मध्येच लिहून ठेवलंय की सोनं दाखवायला वर्ख लावू नका, साध्या रंगांतून ती झळाळी आणा, कौतुक त्याचंच होतं. मिलानला लिओनार्दोच्या ‘लास्ट सपर’मध्ये येशूच्या कानशिलावर खिळ्याचं भोक सापडलंय. छताच्या आणि भिंतींच्या रेषा सगळ्या त्या एका बिंदूकडे जातात. शाळेत आपण क्षितिजरेषेवर टिंब काढून पट्टी धरायचो ना, तेच. म्हणून बारा शिष्यांची एवढी गडबड असूनही नजर त्या शांत चेहऱ्यावरच येऊन थांबते. ही अक्कल औंसावर कशी मोजणार?

धागाकर्ती:
आल्बेर्तीला वर्ख लावू नका असं सांगावं लागलं, म्हणजे लोक लावत होतेच की!

प्रतिसाद २:
ताई, त्याच करारात गिर्लांदायोने चित्र ‘स्वतःच्या हाताने’ रंगवायचं अशीही अट आहे. हाताखाली पोरं असताना ही अट कशाला? म्हणजे गिऱ्हाइकालाही हात ओळखता येत होता.
आणि तुम्ही दोघंही फ्लॉरेन्सच्या बाहेर पडा. चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वाझारी सांगतो, मायकेलअँजेलोने रोममध्ये व्हेनिसच्या टिशियनचं ‘डॅनाए’ हे चित्र पाहिलं. रंग वाखाणले, पण व्हेनिसमध्ये आधी नीट रेखाटन शिकवत नाहीत म्हणून हळहळला. व्हेनिसवाल्यांचा जीव रंगात होता, पण तो रंग पुडीतला महागडा रंग नव्हे, एकावर एक थर देऊन त्वचेत ऊब आणणारा. म्हातारपणी टिशियन शेवटचे हात कुंचल्यापेक्षा बोटांनीच जास्त मारायचा, अशी व्हेनिसच्याच पाल्मा इल जोव्हाने या चित्रकाराची आठवण आहे.

धागाकर्ती:
‘स्वतःच्या हाताने’ हे माझ्या नजरेतून निसटलं होतं, मान्य. ‘प्रतिभा नंतर चिकटवली’ हे वाक्य मागे घेते. पण चार फ्लोरिनचा निळा मात्र मी सोडणार नाही. त्याच करारात तोही आहे, आणि तोही तितक्याच गांभीर्याने लिहिलाय.