धर्मगुरू नसताना टिकलेलं उराकामी

धर्मगुरूच नसतील तर श्रद्धा दोन पिढ्यांत विरते, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. नागासाकीजवळचं उराकामी गाव बघा. ख्रिस्ती धर्मावरच्या १६१४ च्या बंदीनंतर जपानमधले धर्मगुरू हाकलले गेले, मारले गेले. मग शेतकऱ्यांनीच कामं वाटून घेतली. एकाने सणांचं पंचांग सांभाळायचं, दुसऱ्याने बाळांना बाप्तिस्मा द्यायचा. केवढी जोखीम! या साध्या माणसांबद्दल मला अतोनात आदर आहे. घरात मारियामातेची मूर्ती असे ती कान्नोन या बौद्ध करुणादेवीच्या रूपात. आपण ख्रिस्ती नाही हे दाखवायला ख्रिस्ताच्या चित्रावर पाय ठेवायची सक्ती होती. ती पाळून घरी पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. १८६५ मध्ये नागासाकीतल्या ओउराच्या नव्या चर्चमध्ये येऊन त्यांनी फ्रेंच फादरना आपली श्रद्धा सांगितली. त्यानंतरही तीन हजारांहून अधिक गावकरी हद्दपार झाले. बंदी उठली १८७३ मध्ये.