मदत हवी आहे: लॅपटॉपमधला ब्राउझर सगळं नेट ओढून घेतो, त्याला वेग बांधून देता येतो का?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरात केबलचं नेट नाही. मोबाईल खिडकीत टांगून ठेवला की तेवढ्याच जागी रेंज मिळते. त्याच हॉटस्पॉटवर माझा लॅपटॉप आणि धाकट्या बहिणीचा फोन चालतो. वेग मोजला तर दुपारी डाउनलोड ३ एमबीपीएस, अपलोड ०.६ च्या आसपास. रोजचे १.५ जीबी संपले की ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला फक्त ८ किलोबाइट.

बहीण यंदा एमएचटी-सीईटी देते आहे. संध्याकाळी ६ ते ८ तिचं लाइव्ह लेक्चर असतं. मी त्याच वेळी वावरातून परत येतो आणि शेजारच्या शेतकऱ्यांचे ठिबकचे, अवजारांचे फॉर्म भरून देतो. सातबारा, आठ-अ, पासबुक यांचे फोटो काढून लॅपटॉपवरून गुगल ड्राइव्हवर ठेवतो. मी बसलो की दहा मिनिटांत तिचं लेक्चर गोल गोल फिरायला लागतं. काल गणिताचा अख्खा तास गेला. ती काही बोलली नाही, वही मिटून उठली. मला फार वाईट वाटलं.

विंडोज १० होम आहे. सेटिंगमध्ये मीटर्ड कनेक्शन (नेट मोजकं आहे असं विंडोजला सांगणारी सोय) चालू केलं, त्याने अपडेट थांबले पण ब्राउझर जसाच्या तसा. क्रोममध्ये एफ१२ दाबून नेटवर्कमध्ये वेग कमी करता येतो, पण तो त्या एका टॅबपुरता, आणि ती खिडकी बंद केली की संपलं. मला पूर्ण ब्राउझरला १ एमबीपीएसची वेसण घालायची आहे. काय करू?

प्रतिसाद १
दादा, ब्राउझरमध्ये तशी सोय नाही, बाहेरचा प्रोग्राम लागतो. नेटलिमिटर घ्या. त्यात क्रोमच्या ओळीसमोर डाउनलोड आणि अपलोडचा वेगळा आकडा टाकता येतो. काही दिवस फुकट चालतं, मग पैसे. एक लक्षात घ्या, वेग बांधल्याने डाटा वाचेलच असं नाही. ५ एमबीचं पान हळू उघडलं तरी ५ एमबीच खाणार. व्हिडिओ मात्र ऑटोवर असेल तर आपोआप खालच्या क्वालिटीवर येतो, तिथे वाचतो. डाटाच वाचवायचा असेल तर फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाका. ठराविक केबीपेक्षा मोठे फोटो-व्हिडिओ अडवायची सोय त्यात आहे.

प्रतिसाद २
भाऊ, तू डाउनलोडच्या मागं लागला, पण मले वाटते दुखणं अपलोडचं हाये. मोबाईलचा एक फोटो ४-५ एमबीचा. ०.६ च्या अपलोडवर तो एकटाच मिनिटभर रस्ता अडवते. लेक्चर पाहाले बी अपलोड लागते, कारण बहिणीचा फोन सारखा 'एवढं पोचलं, पुढचं धाड' असा निरोप पाठवत असते. तो निरोपच तुह्या फोटोच्या मागं रांगेत उभा राहते, म्हणून डाउनलोड मोकळं असूनही लेक्चर अडते. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये वाय-फाय पाय. लेक्चर अडते तवा 'सेंड' वर गेलेलं दिसन. तसं असन तर डाउनलोड मोकळं राहू दे, अपलोडले ३०० केबीपीएस बांध.

मूळ लेखक
भाऊ, अगदी तसंच निघालं. आज संध्याकाळी टास्क मॅनेजर उघडा ठेवून बसलो. लेक्चर अडलं त्या क्षणी 'सेंड' ५८० केबीपीएसवर, 'रिसीव्ह' जवळपास रिकामं. मी महिनाभर उलट्या बाजूने शोधत होतो.

नेटलिमिटरमध्ये क्रोमचं अपलोड ३०० वर ठेवलं, डाउनलोडला हात लावला नाही. एका फोटोला आता दोन मिनिटांवर लागतात. लेक्चर मात्र आठपर्यंत एकदाही थांबलं नाही. उद्यापासून फोटो आधी लहान करीन, ५०० केबीत सातबाऱ्यावरचा गट नंबर नीट वाचता येतो हे तपासून पाहिलं. मोठा गठ्ठा असेल तर ती झोपल्यावर चढवीन. तेव्हा डाटा उरलेला असायला हवा, म्हणून युब्लॉकही टाकतो आहे.

ताज्या स्थितीत एकच अडचण उरली: फुकटचे दिवस संपल्यावर हेच काम करणारं विंडोज होमवर चालणारं मोफत काही कोणी स्वतः वापरलंय का? वापरलेलंच सांगा, सीईटी होईपर्यंत मला प्रयोग करायचे नाहीत.