बर्लिनमध्ये 'फुकट' फिरणाऱ्या हुशारांना

वाटसरू
परवा इथेच एकाने लिहिलं, 'बर्लिनच्या मेट्रोला फाटकच नाही, चार दिवस फुकट फिरलो.' खाली टाळ्यांचा पाऊस. नऊ वर्षं तिथे राहतोय, म्हणून सांगतो. दारं बंद झाली की साध्या कपड्यांतली दोन माणसं उठतात आणि तिकीट मागतात. सापडलात तर ६० युरो. गयावया करणारे आपले लोक पाहिलेत, मान माझी खाली जाते. चार दिवस निभावलं ते नशीब हो, अक्कल नव्हे.

खमंग काकडी
प्रवचन आवडलं. माझ्याकडे तिकीट होतं! मशीनमधून रोख पैसे टाकून काढलेलं. फलाटावरच्या डब्यात सरकवून त्यावर छाप मारायचा असतो, हे कुणाला ठाऊक? ६० माझे, ६० सासूबाईंचे. 'सुनेने परदेशात पकडून दिलं,' असं त्या अजून प्रत्येक लग्नात सांगतात. मीही चोर का?

वाटसरू
बिनछापाचं तिकीट उद्याही चालेल, परवाही. तपासनिसाने काय तोंड बघून ओळखायचं?

खमंग काकडी
सासूबाईंचं तोंड बघून ओळखायला हवं होतं. पंचाहत्तरीच्या बाईला फलाटावर उभं करून पासपोर्ट मागतात!

सेकंड क्लास
आमच्या लोकलमध्ये पास काल संपला असला तरी टीसी सोडत नाही. तिथे मात्र रडारड?

खमंग काकडी
तुम्हाला कुणी विचारलं होतं का?

रूळवेडा
भांडताय ते ठीक, पण मूळ धागाकर्त्याला एक विचारतो. जर्मनीत विनातिकीट प्रवास हा फौजदारी गुन्हा आहे, कलम २६५अ. ते १९३५ मध्ये, म्हणजे कुणाच्या राजवटीत आलं ते सांगायला नको. दंड भरायला पैसे नसलेले लोक त्यापायी खरोखर तुरुंगात जातात. पर्यटक ६० युरो भरून घरी किस्सा सांगतो, बेघर माणूस आत जातो. आणि तुम्हाला काळजी कसली, तर आपल्या लोकांच्या अब्रूची?

वाटसरू
बेघरांचं मान्य. ते कलम जावं असं मलाही वाटतं. पण फुकट्या पर्यटकाने त्यांच्या आडोशाला उभं राहू नये.

पुण्याहून निघालो
मुलाकडे जातोय, पहिल्यांदाच. नेमकं काय काढू ते कुणी सांगेल का? तीनदा विचारलं.

रूळवेडा
तिकिटासाठी बर्लिनचे अ, ब, क (A, B, C) असे विभाग आहेत. विमानतळ क विभागात आहे, नुसत्या अब (AB) तिकिटावर तिथून निघालात की झालात फुकटे. अबक (ABC) काढा. एका तिकिटावर दोन तास, पण एकाच दिशेने, त्यावर परत येता येत नाही. मोबाइलवर काढलंत तर छापाची भानगडच नाही. महिनाभर राहणार असाल तर देशभर चालणारा मासिक पास घ्या. मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला, जानेवारी २०२६ पासून ६३.

सेकंड क्लास
आणि पुढच्या महिन्यात नको असेल तर तो दहा तारखेच्या आत रद्द करा! माझ्या भाच्याने केला नाही, तो इकडे नाशकात आणि पैसे तिकडे कापले गेले.

वाटसरू
अटी वाचायच्या असतात.

खमंग काकडी
आलं, प्रवचन भाग दोन. सासूबाईंना धागा वाचून दाखवला. म्हणाल्या, ते कलम रद्द झालं तर माझे ६० परत मिळतील का, एवढं विचार.